आठ हजार फेरे

"दादा, हात तरी लावून बगा," धम्मानंद म्हणाला आणि गोणपाटात गुंडाळलेली फळी त्यानं व्यंकटीच्या टेबलावर, जळक्या मोटरीच्या अगदी शेजारी ठेवली.

व्यंकटीच्या एका हातात छिन्नी होती नि दुसऱ्यात हातोडी. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीच्या पोटातून जळून काळी ठिक्कर पडलेली तांब्याची वेटोळी तो उपसून काढत होता. उन्हाळा लागला की लोह्यातल्या त्याच्या दुकानापुढं अशा मोटरींची रांग लागे. विहिरीत पाणी कमी, तारेत वीज कमी आणि शेतकऱ्याला घाई जास्त. मोटर जळायला आणखी काय लागतं? त्यानं मान वर न करताच विचारलं, "कशाची हाय?"

"उमरीच्या जुन्या जिनिंगची. पाडायलेत न्हवं का ती? अस्सल सागवान, आन् लोक चुलीत घालायलेत हो! रंधा मारला की आजून सरकीचा वास येतोय. हुंगून बगा."

व्यंकटीनं हुंगलं. खरंच सरकीचा तेलकट वास होता. जुन्या खिळ्यांची चार भोकं सोडली तर फळीला नाव ठेवायला जागा नव्हती. "बेस हाय," तो म्हणाला. "कपाट कर एखादं."

"कपाट न्हाई. गिटार करायलोय. लाईटवरची."

हातोडी जागच्या जागी थांबली. व्यंकटीनं आता मान वर केली आणि समोरच्या माणसाकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. धम्मानंद त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. नांदेड रस्त्यावर सुतारकामाचं दुकान, अंगावर कायम लाकडाचा भुसा, बोलणं कमी. सतरा वर्षांपूर्वी व्यंकटीनंच त्याला हाताला धरून भीमगीतांच्या गायन पार्टीत आणला होता, आणि सतरा वर्षं तो मागच्या रांगेत बसून कोरस म्हणत होता. मागं बसणारा माणूस आपल्या मनात मागंच बसलेला असतो. तो उठून उभा राहील, ही गोष्टच आपल्या ध्यानात येत नाही.

"तुला येती का वाजवाया?" व्यंकटीनं विचारलं.

"तीन वर्सं झाली शिकायलोय. एका गिऱ्हाइकानं जुनी डबा गिटार फर्निचरच्या बदल्यात टाकली व्हती माज्याकडं. मोबाईलवर बगून बगून बसवलं. कुणाला सांगितलं न्हाई, लोकं हसतेत." धम्मानंद टेबलाच्या कडेला टेकला. "लाकडाचं मी करतो. मानेला जुन्या पलंगाची शिसवी पट्टी हाय, सुरांच्या पट्ट्यांना सायकलचे स्पोक. कपाटाच्या दाराला लावतेत ते चुंबक हायत. पर खरा आवाज कॉइलमंदी असतो दादा. वरची तार हालली की चुंबकाभवतीच्या कॉइलमंदी जरासा करंट येतो, आन् तोच करंट स्पीकरला जातो. आठ हजार फेरे घालावं लागतेत, केसासारख्या तारेचे. आख्ख्या तालुक्यात ते एकाच माणसाच्या हातानं व्हतंय."

"बगू," व्यंकटी म्हणाला. "सीझन हाय. टाईम भेटला तर."

धम्मानंद फळी काखेत मारून गेला. व्यंकटीनं हातोडी उचलली आणि वेटोळ्यावर असा घाव घातला की छिन्नी निसटून बोटावर आली.

बोट दुखलं ते दुखलंच, पण आत जे दुखलं त्याचं कारण त्याला कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. व्यंकटी बावीस वर्षं पार्टीत बेंजो वाजवत होता. हैदराबादहून आणलेला, टाईपरायटरसारख्या बटणांचा, वायर जोडलेला बेंजो. तो सुरू झाला की दोन गल्ल्या पलीकडची माणसं म्हणत, पार्टी बसली बरं का. पार्टीची गायिका लुंबिनी सोनखेडकडच्या अंगणवाडीत बाई होती. प्रत्येक अंतरा उचलण्याआधी ती मान जराशी वळवून व्यंकटीकडं बघे. सूर मागण्यासाठी. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो सूर द्यायचा आणि ती उचलायची. बघणाऱ्यांना त्यात काही दिसत नसे. व्यंकटीला मात्र त्या एका नजरेत आपण कोण आहोत ते कळत असे. दिवसभर तो लोकांच्या मोटरी भरायचा, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायचा. त्याचं काम साठ फूट खोल विहिरीत जाऊन बसे, ते बघायला कोण जाणार? दहा हजार माणसांसमोर कुणीतरी आपल्याकडं वळून बघतं, एवढीच काय ती त्याची वरकमाई.

आणि आता हा भुशानं भरलेला माणूस आपल्या हातानं वाद्य घडवणार होता. बावीस वर्षं आपण विकतचं वाजवलं, आपल्याला कधी सुचलं नाही, ही गोष्ट व्यंकटीला जास्त लागली. दुसऱ्याला मिळालं याचं दुःख थोडं असतं. आपल्याला सुचायला हवं होतं, याचं फार.

पुढच्या रविवारी विहारात प्रॅक्टिस होती. धम्मानंद अर्धवट गिटार घेऊन आला. तारा नव्हत्या, कॉइलची जागा रिकामी होती, पण अंग घासून पॉलिश केलेलं. जुन्या खिळ्यांची चार भोकं त्यानं बुजवली नव्हती, कडा गोल करून तशीच ठेवली होती. ढोलकीवाला, कोरसवाले, झाडून सगळे त्या लाकडावरून हात फिरवायला लागले. जसं काही धम्मानंदला लेकरूच झालं होतं.

"दादा, बगितलं का तुमी?" लुंबिनी व्यंकटीला म्हणाली. "किती गुळगुळीत केलंय हो. ह्याला कॉइल तुमीच भरणार म्हणं?"

"बगू म्हणलोय."

"बगू काय? भरा की! आपल्याच पार्टीतलं लाकूड, आपल्याच पार्टीतली कॉइल. जळकोटच्या जयंतीला घेऊन जाऊ."

व्यंकटी हसला. ओठात एक नि पोटात एक असलं की माणूस जरा जास्तच हसतो. त्या दिवशी त्यानं बेंजो इतका जोरात वाजवला की लुंबिनीला दोनदा गाणं थांबवून "जराक हळू, दादा" म्हणावं लागलं.

घरी आल्यावर नागुबाईनं भाकरी वाढता वाढता नवऱ्याचं तोंड बघितलं. तीस वर्षांचा संसार, तिला काही सांगावं लागत नसे.

"धम्मानंदची गिटार लई चांगली झालीय म्हणं. त्याची बायको सांगत व्हती नळावर."

"लाकडाचा ठोकळा हाय नुस्ता."

"मंग तुमाला कशाला ठसका लागायला ठोकळ्याचा? पानी प्या." ती हसू दाबत म्हणाली. "सवत आल्यासारकं तोंड करून बसलेत."

"गुमान वाढ," व्यंकटी म्हणाला. सवतीची उपमा त्याला इतकी नेमकी लागली की दुसरी भाकरी त्यानं घेतलीच नाही.

चार दिवसांनी धम्मानंदनं सामान आणून दिलं. सनमायकाच्या तुकड्यांची बोटभर लांबीची रीळ, तिच्यात सहा स्क्रू, खाली चुंबक, आणि नांदेडहून आणलेलं बारीक तारेचं बंडल. दुपारची वेळ होती. रस्ता उन्हानं ओस पडलेला. व्यंकटीनं शटर अर्धं खाली ओढलं, वायंडिंगच्या यंत्रावर ती रीळ बसवली, बाजूचा फेरे मोजणारा आकडा शून्यावर आणला आणि एका हातानं तार धरून दुसऱ्या हातानं हँडल फिरवायला लागला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मोटर भरणाऱ्याच्या धंद्यात खून माफ असेल, पण फेरा चोरणं माफ नाही. शंभर फेऱ्यांच्या जागी पंच्याऐंशी घातले तर तांबं वाचतं, मोटर त्या दिवशी चालतेही, आणि दोन महिन्यांनी ऐन पिकात जळून जाते. असले चोर गावोगाव असतात. व्यंकटीनं सत्तावीस वर्षांत एक फेरा चोरला नव्हता. त्याचं दुकान लहान होतं, शटर गंजकं होतं, पण लोह्यापासून कंधारपर्यंत त्याच्या हातावर लोकांचा भरवसा होता. धंद्यातलं त्याचं सगळं शिक्षण एका वाक्यात मावण्यासारखं होतं: फेरे पुरे तर मोटर जिवंत, फेरे कमी तर मोटर मेली.

त्या दुपारीही तो इमानानंच फिरवत होता. हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तार केसाहून बारीक, जरा जास्त ओढली की तुटायची; श्वास रोखून धरावा लागत होता. एक हजार झाले. दोन हजार झाले. तीन हजारांना त्याला कामाची गोडी लागली होती, राग विसरायला झाला होता. हाताला काम लागलं की माणूस बरा असतो. चार हजार सहाशेच्या पुढं आकडा गेला आणि फोन वाजला. लुंबिनीचा होता. त्यानं फोन खांद्यात नि कानात धरला.

"दादा, जय भीम. जळकोटचं जराक इचारायचं व्हतं. सुरुवातीचं रमाईचं गाणं हाय न्हवं, त्याला गिटारच घेऊ का? बेंजो दुसऱ्या गाण्यापासून घेऊ. नवीन काहीतरी वाटंल लोकांना. तुमाला राग तर न्हाई?"

"राग कशाचा आलाय? बेस हाय की."

"मला वाटलंच, तुमी हाव म्हणणार. मोठ्या मनाचे हायत तुमी."

फोन बंद झाला. रमाईच्या गाण्याला बावीस वर्षं बेंजोनं सुरुवात होत आली होती. व्यंकटीनं यंत्राच्या आकड्याकडं बघितलं. चार हजार सहाशे बारा. बाहेर एक टमटम कर्कश हॉर्न वाजवत गेली. त्यानं कात्री उचलली आणि तार तोडली.

पुढचं काम त्यानं फार सफाईनं केलं, आणि तेच वाईट होतं. उरलेल्या जागेत कॉटनची टेप फेऱ्यावर फेरे गुंडाळून त्यानं कॉइल चांगली गुबगुबीत केली, वरून वार्निश पाजलं, दोन्ही टोकांना डाग देऊन वायरी जोडल्या. बघणाऱ्याला वाटावं आठ काय, दहा हजार असतील. उरलेलं तारेचं बंडल त्यानं खोक्याच्या तळाशी, जुन्या बेअरिंगांच्या खाली सरकवलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. व्यंकटीनं डोळे मिटले नव्हते. त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं: जळकोटचं स्टेज, धम्मानंद पुढं बसलेला, आणि गिटारीतून मेलेल्या मोटरीसारखा काहीच आवाज न येणं.

संध्याकाळी धम्मानंद आला. कॉइल तळहातावर घेऊन त्यानं ती उजेडात फिरवून फिरवून पाहिली.

"काय भरलीय, दादा! कंपनीनं बी अशी भरली नसती. फेरे किती झाले?"

"तू सांगितले तेवढे," व्यंकटी म्हणाला.

त्यानंतरचे आठ दिवस तो फोनची वाट बघत होता. धम्मानंद म्हणेल, दादा, आवाजच येत नाही. मग आपण म्हणू, लाकूडच जुनं, त्याला कोण काय करणार. पण फोन आला नाही. उलट पार्टीतले लोक सांगायला लागले की धम्मानंद दारं लावून रोज प्रॅक्टिस करतोय. करू दे, व्यंकटीनं मनात म्हटलं. घरात मांजर म्याव करतं, तेही मोठं वाटतं. दहा हजार माणसांच्या मंडपात कळेल.

जळकोटचा मंडप मोठा होता. दोन पार्ट्या बोलावलेल्या, यांची पाळी आधी. उन्हं उतरली होती, बायका पांढरी लुगडी, पांढऱ्या साड्या नेसून लेकरं घेऊन पुढं बसल्या होत्या. साउंडवाल्यानं गिटारीची पिन लावली, धम्मानंदनं तार छेडली आणि मंडपात जेमतेम चिमणी बोलल्याएवढा आवाज आला.

"कमी हाय," साउंडवाला म्हणाला.

दुसऱ्या बाजूला बेंजो मांडीवर घेऊन बसलेल्या व्यंकटीला आतून गार गार वाटलं. पण साउंडवाल्याच्या दृष्टीनं त्यात काही विशेष नव्हतं. त्यानं एक बटण धरलं आणि निम्म्यावरून पुढं सरकवलं, इतकंच. "आता वाजवा," तो म्हणाला.

धम्मानंदनं वाजवलं.

तो आवाज कसा होता हे व्यंकटीला पुढं कितीतरी दिवस सांगता आलं नाही, कारण कुणाला सांगायचंच नव्हतं. जाडेपणा नव्हता, घरघर नव्हती. एकेक सूर सुटा, धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. बेंजो सुरू झाला की माणसं ताल धरत. हा आवाज सुरू झाला तशी पुढच्या बायकांनी लेकरांना गप्प केलं. लुंबिनी माईकपाशी उभी होती. अंतऱ्याच्या आधी तिनं मान वळवली. डावीकडं, धम्मानंदकडं. सूर मिळाला आणि तिनं गाणं उचललं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा व्यंकटीला तिच्या आवाजातली बारीक थरथर ऐकू आली. ती आधीपासूनच असणार. बेंजोच्या खणखणाटात ती त्याला कधी ऐकूच आली नव्हती.

त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेलेली मोटर बोलत होती! आणि बोलत होती तीही अशी, की जणू त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती. दुसऱ्या गाण्याला त्यानं बेंजो वाजवला, तिसऱ्याला वाजवला. बोटं सरावानं चालत होती. चौथ्या गाण्याला लुंबिनीनं पुन्हा डावीकडं बघितलं. यावेळी गिटार मुख्य नव्हतीही. सवय लागायला तीन गाणी पुरली होती.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या मागं एक गोरा, ठेंगणा माणूस आला. कपाळाला भस्म, गळ्यात चांदीचं लिंग. लातूरला त्याचा ऑर्केस्ट्रा होता, नाव महांतेश. त्यानं धम्मानंदच्या हातून गिटार घेतली, उलटीपालटी करून बघितली, छेडली.

"घरी केलाव म्हणता? आवाज लई साफ हाय हो. बाजारातल्या कॉइली ठासून भरलेल्या असतेत, आवाज जाड पडतो. ह्यात फेरे कमी घातलाव का?"

"छे!" धम्मानंद म्हणाला. "पुरे आठ हजार हायत. आमचे दादा फेरा चोरत न्हाईत, जीव गेला तरी." आणि त्यानं व्यंकटीला दंडाला धरून पुढं ओढलं. "हे बगा, ह्यांनी भरलीय. लाकूड माझं, पर आवाज ह्यांचा."

लुंबिनीनं ते ऐकलं. दुसरी पार्टी अजून वर चढली नव्हती; ती तशीच स्टेजवर गेली, माईक चालूच होता. "मंडळी," ती म्हणाली, "आज जी गिटार तुमी ऐकली, तिची कॉइल आमच्या व्यंकटदादांनी भरलीय. टाळ्या होऊन जाऊ द्या!"

टाळ्या झाल्या. व्यंकटीच्या कामाला आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या झाल्या, आणि त्या चोरीच्या कामाला झाल्या. त्यानं हात जोडले. परतीच्या जीपमध्ये सगळे त्याचं कौतुक करत होते आणि तो खिडकीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेऊन बसला. लुंबिनी पुढच्या सीटवर कुणाला तरी सांगत होती, "आज मला वरडावंच लागलं न्हाई, बगा. कार्यक्रम झाला की माजा गळा बसायचा दरवेळी. आज काहीच न्हाई." ती चांगुलपणानं बोलत होती, म्हणून जास्त झोंबलं.

दहा-बारा दिवसांनी धम्मानंद सकाळीच दुकानात आला. हातात दुसरी सनमायकाची रीळ, तारेचं नवीन बंडल आणि पेढ्याचा पुडा.

"महांतेसरावांचा फोन आला व्हता. तशीच गिटार पायजे म्हणाले, हुबेहूब. आन् ही बसली की आजून दोघंजण हायत त्यांच्या वळखीचे. दादा, आपला धंदाच सुरू होतो की हा! लाकूड धम्मानंद, कॉइल व्यंकटी. पाटी लावू आपून."

"ठेवून जा. भरतो."

"न्हाई, ह्या बारीला मी हँडल फिरवतो. तुमी नुस्ती तार धरा. येकट्यानं करायचं काम हाय का ते? तुमच्या खांद्याचं काय झालं आसंल मागल्या टायमाला." त्यानं स्टूल ओढलं आणि यंत्रापाशी बसलाही. "मी आकडा बगतो. आठ हजार झाले की सांगतो."

व्यंकटीनं तार धरली. हँडल फिरायला लागलं. धम्मानंद दर पाचशेला आकडा मोठ्यानं म्हणत होता, मधे मधे पाटीवर काय लिहायचं ते सांगत होता. व्यंकटी ऐकत होता आणि त्याला समोर वाट दिसत होती, सरळ नि सोपी. काहीच करायचं नाही. आठ हजार होऊ द्यायचे. पुरे, इमानाचे आठ हजार. गिटार जाड बोलेल, महांतेश म्हणेल ही ती नव्हे, पहिली चुकून जमली होती. लातूरचं दार बंद होईल. धम्मानंद पुन्हा कपाटं करायला लागेल. आणि व्यंकटीनं काय केलं, असं कुणी विचारलं तर त्यानं एक फेरासुद्धा चोरलेला नसेल. आयुष्यभर ज्याच्यावर तो ताठ मानेनं जगला, तोच पुरा आकडा आज त्याच्या हातातली सगळ्यात मोठी लबाडी ठरणार होता.

"चार हजार," धम्मानंद म्हणाला. "निम्मे झाले, दादा."

व्यंकटीच्या बोटांतून तार सरकत होती. जळकोटहून आल्यापासून त्याला त्या आवाजाचा राग येत होता, पण तो आवाज कानातून गेलाही नव्हता. भल्या पहाटे जाग आली की आधी तोच ऐकू यायचा. त्याला तो पुन्हा ऐकायचा होता. हे कबूल करायला त्याला फार जड गेलं.

"साडेचार हजार."

व्यंकटी आकड्याकडं बघत राहिला. सहाशे. सहाशे दहा.

"थांब," तो म्हणाला.

"काय झालं? तुटली का?"

"न्हाई. बास झालं. तोड तार."

"आजून लई हायत की, दादा."

"पहिल्या कॉइलमंदी इतकेच हायत. चार हजार सहाशे बारा. वरून टेप हाय नुस्ती."

धम्मानंदचा हात हँडलवर तसाच राहिला. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "चुकून ऱ्हायले?"

त्यानं पळवाट हातात आणून दिली होती. घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता. व्यंकटीनं मान हलवली. "न्हाई. जानून तोडली. वाटलं, वाजायचीच न्हाई. तू पुडं बसणार व्हतास. माज्यानं बगवलं न्हाई."

धम्मानंद आपल्या तळहाताकडं बघत होता, पटाशीनं कापल्याच्या जुन्या खुणा मोजत असावा तसा.

"सतरा वर्सं मागं बसून तुमच्या पाठीकडं बगत व्हतो मी," तो म्हणाला. "मला बी बगवत नव्हतं, दादा. लई जळायचं. पर तुमच्या बेंजोची येक तार कदी ढिली केली न्हाई मी. बेंजो तर माज्याच हातात ऱ्हायचा, गाडीत चढवता-उतरवताना."

धम्मानंदनं कात्री घेतली, तार तोडली, कॉइल यंत्रावरून उतरवली. टेपसुद्धा त्यानं स्वतःच गुंडाळली, एकच पदर. रीळ अर्धी रिकामी दिसत होती. ती रुमालात बांधून त्यानं खिशात ठेवली आणि दारापाशी थांबला.

"महांतेसरावांना काय ते मी सांगतो," तो म्हणाला. "पार्टीत काही बोलणार न्हाई." आणि मोपेडला किक मारून गेला. पेढ्याचा पुडा टेबलावरच राहिला.

तास-दीड तास व्यंकटी नुसता बसून होता. मग दारात टेम्पो थांबला. वाडीवरचा चंद्रप्पा, जुनं गिऱ्हाईक, पोरांच्या मदतीनं मोटर उतरवून आत आला. मोटर कालच जळली होती, मिरची वाळून चालली होती.

"आजच्या आज भरून द्या, व्यंकटराव. पाया पडतो. मी बाजार करून येतो तवर."

गावातल्या बाकी दुकानांत मोटर भरताना शेतकरी यंत्राच्या उशाशी ठाण मांडून बसतात, आकड्यावरून नजर हलवत नाहीत. घास गिळायचा तरी कारागिराच्या हाताकडं बघत. व्यंकटीच्या दुकानात आजवर असं कुणी बसलं नव्हतं. चंद्रप्पा पिशवी घेऊन निघालाही.

"बसा," व्यंकटी म्हणाला.

"आं?"

"हितं बसा स्टुलावर. आकडा बगा."

चंद्रप्पा हसायला लागला. "काय हो, मस्करी करता का गरिबाची? तुमच्यापाशी कशाला बगत बसू? तुमच्या हातावर तर..."

"बसा म्हणलो न्हवं."

त्या आवाजात काय होतं कोण जाणे, चंद्रप्पा हसायचा थांबला. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि अवघडून स्टुलावर बसला. व्यंकटीनं जाड तारेचं बंडल चढवलं, आकडा शून्यावर आणला, यंत्राचं तोंड चंद्रप्पाकडं फिरवलं आणि हँडलला हात घातला.